प्रस्तावना : लाकिडॉनच्या काठचे यवन

मराठी वाचकाला मार्सेलिस माहीत असते ते एका उडीमुळे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी समुद्रात झेप घेतली, पोहत धक्का गाठला, पकडले गेले. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत पोहोचले. शाळेच्या पुस्तकात या शहराचे काम तेवढ्यावर संपते. पण त्या दिवशी ते बंदर आपल्या पंचविशीत होते. वर्षांच्या नव्हे, शतकांच्या. इ.स.पू. ६०० च्या सुमारास वसलेले, तेव्हापासून सतत राबते असलेले आणि आपल्या ग्रीक जन्माचा दाखला आजही मिरवणारे दुसरे मोठे शहर फ्रान्समध्ये नाही. तिथली वर्तमानपत्रे आजसुद्धा मार्सेयला, म्हणजे आपल्या मार्सेलिसला, ‘फोकियनांचे नगर’ म्हणतात आणि तिथल्या फुटबॉल संघातील खेळाडूंना ‘फोकियन’ म्हणतात. या पुस्तकाचा विषय आहे त्या नगराची पहिली सहा शतके, म्हणजे ग्रीकांचे मस्सालिया.

जागा कशी होती, ते आधी पाहू. किनारा खडकाळ, चुनखडीच्या डोंगरांचा. त्यात समुद्राचा एक चिंचोळा फाटा आत घुसलेला, त्याचे नाव लाकिडॉन. तोंड अरुंद, आत पाणी शांत, उत्तरेला तीन टेकड्या. ऱ्होन नदीचे मुख पश्चिमेला, जवळ पण बेताचे दूर. नदीच्या वाटेने आतल्या मुलखाशी व्यापार करता यावा, पण नदीच्या गाळाने बंदर बुजू नये, इतके दूर. स्ट्रॅबो लिहितो की ही जमीन द्राक्षाला आणि ऑलिव्हला मानवणारी, धान्याला मात्र नाठाळ, म्हणून इथल्या लोकांनी शेतापेक्षा समुद्रावर भिस्त ठेवली. आपल्या कोकणपट्टीतल्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

इथे येणारे लोक फोकाया या शहराचे. ते आज तुर्कस्तानात, इझमीरजवळ, फोचा नावाने नांदते आहे. फोकाया हे आयोनियन ग्रीकांचे नगर. पर्शियन लोक या आयोनियनांना ‘यौन’ म्हणत आणि आपल्याकडचा ‘यवन’ त्याच घराण्यातला शब्द. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर ज्या यवन दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांचा मस्सालियाशी काही संबंध नाही. पण शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर लाकिडॉनच्या काठी उतरलेले हे खलाशी अस्सल यवन होते. हिरोडोटस सांगतो की लांब पल्ल्याचा समुद्रप्रवास करणारे ग्रीकांमधले पहिले लोक हेच. आणि ते पोटभरू मालवाहू गलबतांतून नव्हे, तर पन्नास वल्ह्यांच्या लढाऊ नौकांतून हिंडत.

शहराच्या जन्माची कथा मोठी गोड आहे. सेगोब्रिग नावाच्या स्थानिक टोळीचा राजा नान्नुस. त्याच्या मुलीचे, गिप्टिसचे, लग्न ठरायचे होते. रीत अशी की जमलेल्या पाहुण्यांपैकी ज्याला मुलगी पाण्याचा पेला देईल तो नवरा. नेमके त्याच दिवशी फोकायाचे खलाशी राजाच्या भेटीला आले आणि मेजवानीला बसले. गिप्टिसने सगळ्यांना ओलांडून पेला दिला तो प्रोटिस नावाच्या ग्रीकाला. जावयाला सासऱ्याने जागा दिली आणि शहर उभे राहिले. ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या दुसऱ्या पाठात मुलीचे नाव पेट्टा आणि नवऱ्याचे युक्झेनोस. प्रोटिस हा त्यांचा मुलगा आणि त्याच्या नावाचे एक घराणे पुढे मस्सालियात होते.

ही कथा मार्सेयच्या पोरासोरांना पाठ असते. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही.

नान्नुस वारला. गादीवर त्याचा मुलगा कोमानुस आला. त्याला कोणीतरी एक गोष्ट सांगितली. गाभण कुत्री मेंढपाळाकडे आली, पिल्ले घालण्यापुरती जागा मागितली. मिळाली. मग पिल्ले वाढवण्यापुरती मुदत मागितली. तीही मिळाली. पिल्ले मोठी झाली तेव्हा त्यांच्या जोरावर तिने ती जागाच आपली म्हटली. अर्थ कोमानुसला कळला. सणाच्या दिवशी शहरात माणसे घुसवायची, काही पाहुणे म्हणून उघड, काही गाड्यांत पानांखाली दडवून, आणि रात्री दरवाजे उघडायचे, असा बेत ठरला. राजाच्या नात्यातल्या एका बाईचा जीव एका ग्रीक तरुणावर जडला होता. तिने बेत फोडला. कोमानुस मारला गेला. तेव्हापासून मस्सालियाचे लोक सणावाराला दरवाजे लावून घेत आणि तटावर पहारा ठेवत.

पेला आणि कुत्री. मस्सालियावर गेल्या दीडशे वर्षांत जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे या दोन प्रतिमांपैकी एकीच्या बाजूला उभे राहून लिहिलेले आहे. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाकडून आल्या आहेत. पोंपेयस ट्रोगस हा जातीने गॉल, वोकोंती टोळीचा. त्याच्या आजोबांना पोंपेकडून रोमन नागरिकत्व मिळाले होते. त्याने लॅटिनमध्ये लिहिलेला मूळ ग्रंथ हरवला, जस्टिनने केलेला संक्षेप उरला. म्हणजे ग्रीक शहराची सर्वांत भरघोस जन्मकथा आपल्याला मिळते ती एका रोमन झालेल्या गॉलच्या तोंडून, तीही कात्री लागलेली. साधने अशी हातोहात आलेली असतात, हे नव्या वाचकाने पहिल्या पानापासून लक्षात ठेवावे.

आता एका शब्दाबद्दल. अशा शहरांना मराठीत आपण सरसकट ‘ग्रीक वसाहत’ म्हणतो. हा शब्द आपल्याला दोन टोकांना ओढतो. एकीकडे औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत, पोलीस वसाहत. दुसरीकडे वसाहतवाद, गोरा साहेब आणि तोफा. ग्रीक शब्द होता ‘अपोइकिया’, म्हणजे मूळ घरापासून दूर मांडलेले घर. अपोइकिया मातृनगराच्या हुकमाखाली नसे. तिचे कायदे तिचे, नाणी तिची, युद्धे तिची. मातृनगराशी नाते देवाचे आणि आदराचे. त्याच्या जोडीला दुसरा शब्द ‘एम्पोरियॉन’, म्हणजे व्यापारी पेठ. मस्सालियाच्या फोकियन भावंडांपैकी एकाचे नावच एम्पोरियॉन पडले. स्पेनच्या किनाऱ्यावरचे आजचे एम्पूरियेस ते हेच. रॉबिन ऑस्बर्न या इंग्रज इतिहासकाराने तर १९९८ मध्ये ‘वसाहतीकरण’ हा शब्दच आरंभीच्या ग्रीक इतिहासातून काढून टाकावा, असे सुचवले. या पुस्तकात तो शब्द टाळलेला नाही. पण तो वापरताना दर वेळी थोडा अडखळा जाणवावा, अशी अपेक्षा आहे.

शहराचा जीवनपट थोडक्यात असा. जन्मानंतर जेमतेम दोन पिढ्या, आणि इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पर्शियन सेनापती हार्पागोसने फोकायाला वेढा घातला. बरेच नागरिक बायकामुले आणि देव जहाजांत घालून निघाले. लोखंडाचा गोळा समुद्रात टाकून त्यांनी शपथ घेतली की हा वर येईल तेव्हाच परत फिरू. तरी निम्म्याहून अधिकांचे मन मोडले आणि ते परतले. उरलेले कॉर्सिकात अलालियाला गेले, तिथे एट्रुस्कन आणि कार्थेजी आरमारांशी लढले. लढाई जिंकली म्हणतात, पण साठांपैकी चाळीस जहाजे गमावली. अखेर दक्षिण इटलीत त्यांनी एलिया वसवले, जिथे पुढे पार्मेनिडीस हा तत्त्वज्ञ झाला. मातृनगर असे खिळखिळे झाल्यावर पश्चिमेतल्या फोकियनांचे थोरले घर मस्सालिया ठरले. त्याने डेल्फीला संगमरवरी कोषागार बांधले. किनाऱ्याने आपली ठाणी पेरली : आगाथे, ऑल्बिया, अँटिपोलिस, निकाया. आजची आग्द, येर, आंतिब आणि नीस ही ती गावे. रिव्हिएराची हवा खाणाऱ्या प्रवाशाच्या पायाखाली मस्सालियाच्या चौक्या आहेत.

राज्यकारभार मोजक्यांचा. सहाशे ‘तिमुखोई’ आजन्म सभासद, त्यांतून पंधरा जण रोजचा कारभार पाहत, पंधरांवर तीन. तिमुखोस व्हायला मुलेबाळे हवीत आणि तीन पिढ्यांचे नागरिकत्व हवे. शिस्तीच्या कथा रोमन लेखकांना फार आवडत. व्हॅलेरियस मॅक्सिमस सांगतो की ज्याला मरायचे आहे त्याने सहाशेंपुढे कारण मांडायचे. ते पटले तर सरकारी साठ्यातले विष मिळे. हे शहर ज्ञानातही मागे नव्हते. इ.स.पू. चौथ्या शतकात पिथियस नावाचा इथला माणूस ब्रिटनपर्यंत आणि त्यापलीकडच्या ‘थुले’पर्यंत गेल्याचे सांगत होता. त्याने शंकूच्या सावलीवरून आपल्या शहराचा अक्षांश काढला आणि भरती-ओहोटीचा चंद्राशी संबंध जोडला. त्याचा ग्रंथ हरवला. आपल्याला तो माहीत आहे तो मुख्यतः त्याला थापाड्या म्हणणाऱ्या स्ट्रॅबोमुळे.

रोमशी मैत्री जुनी. हॅनिबालविरुद्धच्या युद्धात मस्सालियाच्या नौकांनी इ.स.पू. २१७ मध्ये एब्रो नदीच्या मुखाशी रोमला साथ दिली. पण इ.स.पू. १२५ मध्ये शेजारच्या सालुवी टोळीविरुद्ध रोमला हाक मारली, आणि आलेले रोमन परत गेले नाहीत. कुत्रीची गोष्ट या वेळी उलटी फिरली, असे म्हणायला हरकत नाही. इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पोंपे यांच्या यादवीत शहराने सीझरला दरवाजे बंद केले. काही महिन्यांच्या वेढ्यानंतर शरणागती पत्करावी लागली. शस्त्रे गेली, जहाजे गेली, खजिना गेला, ताब्यातला बहुतेक मुलूख गेला. नावापुरते स्वातंत्र्य राहिले आणि राहिली विद्या. स्ट्रॅबोच्या काळात मोठ्या घरचे रोमन शिक्षणासाठी अथेन्सऐवजी इथे येत.

या इतिहासाच्या अभ्यासाचे तीन मोठे प्रवाह आहेत.

पहिला प्रवाह पेल्याच्या बाजूचा. ग्रीक आले आणि त्यांनी रानटी गॉलांना शेती, तटबंदी आणि कायदा दिला, ही जस्टिनमधली मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या फ्रान्सने उचलून धरली. १८९९ मध्ये शहराने आपला पंचविसावा शतकोत्सव थाटात केला. कामिय जुलियाँ हा मूळचा मार्सेयचाच इतिहासकार; १९०७ पासून त्याचा गॉलचा इतिहास आठ खंडांत आला. मिशेल क्लेर याने १९२०च्या दशकात मस्सालियावर दोन जाडजूड खंड लिहिले. ही विद्वत्ता खरी होती, तिचे ऋण आजही आहे. पण ती कोणत्या हवेत लिहिली गेली तेही पाहावे. १९०६ आणि १९२२ मध्ये याच मार्सेयमध्ये फ्रेंच साम्राज्याची वसाहत-प्रदर्शने भरली. अल्जीरिया आणि इंडोचायनाकडे जाणारी जहाजे इथून सुटत. ‘आम्हांला ग्रीकांनी सुधारले, आम्ही आता इतरांना सुधारतो’ असा हिशेब त्या काळी अनेकांच्या मनात होता. जुन्या बंदराच्या धक्क्यावरची धातूची पाटी आजही सांगते की पश्चिमेत संस्कृतीचा प्रकाश इथून पसरला.

दुसरा प्रवाह खापरांचा. ग्रंथांवर विसंबण्यापेक्षा जमिनीत काय सापडते ते मोजू, असे म्हणणारी पिढी दुसऱ्या महायुद्धानंतर पुढे आली. फ्रान्स्वा व्हिलारने १९६० मध्ये मार्सेयमधल्या ग्रीक मातीच्या भांड्यांवरून शहराचा आर्थिक इतिहास लिहिला. फेर्नां बन्वा याचा दक्षिण गॉलच्या ग्रीकीकरणावरचा ग्रंथ १९६५ चा. अभ्रकाचे कण चमकणारे मस्सालियाचे मद्यकुंभ कुठे कुठे सापडतात, यावरून व्यापाराचे नकाशे निघाले. त्याआधी १९५३ मध्ये बर्गंडीतल्या व्हिक्स गावी इ.स.पू. ५०० च्या आसपासच्या एका स्त्रीची समाधी सापडली होती. तिच्यात १.६४ मीटर उंचीचा, २०८ किलो वजनाचा, सुमारे ११०० लिटर मद्य मावेल असा ग्रीक कांस्यकुंभ होता. तो तिथवर ऱ्होनच्या वाटेने गेला की आल्प्सच्या खिंडींतून, हा वाद रंगला. या प्रवाहाने प्रश्न बदलले. पण भांडे सापडले म्हणजे भांड्याबरोबर ग्रीक मनही पोहोचले, हे गृहीतक बरेच दिवस तसेच राहिले.

तिसरा प्रवाह विचारतो : पिणारा कोण होता? मायकल डीटलर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने २०१० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की गॉलांनी मद्य घेतले, पिण्याची भांडी घेतली, पण इतर पुष्कळ गोष्टी शतकानुशतके नाकारल्या. म्हणजे ते ग्रीक होत नव्हते. आपल्या मेजवान्यांत, आपल्या मानापमानांत परकी वस्तू आपल्या रीतीने बसवत होते. मिशेल बात यांनी १९८८ मध्ये ऑल्बियातल्या चुलीवरच्या भांड्यांवरून तिथे काय रांधले जात होते, याचा छडा लावला. इराद मॅल्किन यांनी २०११ मध्ये केंद्र आणि कडा ही भाषाच सोडून बंदरांच्या जाळ्याचे चित्र मांडले. याच वळणाचा एक लहानसा पण बोलका पुरावा १९५० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पेश माहो इथे सापडलेल्या शिशाच्या पत्र्याचा. इ.स.पू. पाचव्या शतकातला हा ग्रीक दस्तऐवज एका नौकेच्या खरेदीचा आहे आणि त्यातल्या साक्षीदारांची नावे ग्रीक नाहीत, आयबेरियन आहेत. पत्र्याच्या पाठीमागे आधीचा एट्रुस्कन मजकूर आहे. एकाच पत्र्यावर तीन लोक. इथे ना पेला, ना कुत्री. इथे सौदा आहे.

गॉलांनी आपली बाजू लिहून ठेवली नाही, असे म्हणायची पद्धत आहे. ते पूर्ण खरे नाही. पुढच्या काळात त्यांनी मस्सालियाची ग्रीक लिपी घेतली आणि तिच्यात आपली भाषा लिहिली, दगडांवर नवस कोरले. शहरात ग्रीक, लॅटिन आणि गॉलिश अशा तीन भाषा चालत, असे व्हॅरोचे म्हणणे उतरून आले आहे.

हा विषय आज जिवंत आहे तो शहराच्या पोटात जे दडले आहे त्यामुळे. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने जुन्या बंदरालगतची वस्ती रिकामी करवून सुरुंगाने उडवली. त्या जखमेच्या जागी युद्धानंतर उत्खनन झाले. १९६७ मध्ये शेअर बाजाराच्या इमारतीमागे बाजारसंकुलासाठी खोदकाम सुरू झाले आणि ग्रीक तट आणि बंदराचे टोक वर आले. बांधायचे की वाचवायचे, यावर शहरात मोठा वाद झाला. शेवटी दोन्ही झाले : दुकाने उभी राहिली आणि अवशेषांचे उद्यान व इतिहास संग्रहालयही. २०१७ मध्ये कोर्देरी रस्त्यावर नव्या इमारतीच्या पायात इ.स.पू. सहाव्या शतकातली ग्रीक दगडखाण निघाली, तेव्हा स्थानिक रहिवासी पुन्हा रस्त्यावर उतरले. खाणीचा काही भाग संरक्षित झाला. मेट्रोसाठी नि इमारतींसाठी जुनी शहरे उकरणाऱ्या कोणत्याही देशाला ही उदाहरणे उपयोगाची आहेत.

१९९३ मध्ये झ्यूल व्हेर्न चौकात सापडलेल्या दोन नौका तर या पुस्तकाच्या कण्याजवळच्या आहेत. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या या नौकांपैकी लहान नौकेच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. तिच्यात पोवळ्यांचे तुकडे सापडले. तिची हुबेहूब प्रतिकृती २०१३ मध्ये पाण्यात उतरली. नाव अर्थातच ‘गिप्टिस’. शिवलेल्या जहाजांची परंपरा अरबी समुद्राच्या काठीही जुनी. गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिवणीचे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात आले, तेव्हा त्या कारागिरीची चर्चा आपल्याकडे झाली. या दोन परंपरांत नाते जोडण्याचा मोह लेखकाने टाळला आहे, हे बरे केले.

पुस्तक काय करू पाहते? मस्सालियाचा इतिहास तटाच्या दोन्ही बाजूंनी वाचायचा, हा त्याचा संकल्प आहे. म्हणून इथे लढायांइतकीच जागा मद्यकुंभांना आहे, पिथियसइतकीच नाव न उरलेल्या पोवळेवाल्याला. १८६७ मध्ये ओरियोल गावी सापडलेल्या दोन हजारांहून अधिक इवल्या नाण्यांना राजकीय करारांइतके गंभीरपणे घेतले आहे. जिथे पुरावा दोन अर्थ देतो तिथे दोन्ही मांडले आहेत आणि लेखकाचा कौल वेगळा सांगितला आहे. रोमन विजयानंतरची शतके पुस्तक धावत्या नजरेने पाहते. ही मर्यादा आहे, पण ती जाणून घेतलेली आहे. एक तक्रारही नोंदवावी लागेल : गुलामांच्या व्यापाराला याहून अधिक पाने हवी होती. मद्याच्या एका कुंभाला गॉल लोक एक गुलाम देत, असे डायोडोरस इटालियन व्यापाऱ्यांच्या संदर्भात लिहितो. मस्सालियाच्या धक्क्यावरून किती माणसे अशी गेली असतील, हा प्रश्न पुढच्या आवृत्तीने अधिक नेटाने विचारावा.

वाचकाला दोन सूचना. ग्रीकांचे मस्सालिया, रोमनांचे मास्सिलिया, फ्रेंचांचे मार्सेय आणि आपले मार्सेलिस ही चार नावे एकाच गावाची. काळाप्रमाणे ती बदलतील, गोंधळू नये. आणि भूमध्य समुद्राचा नकाशा शेजारी उघडा ठेवावा, कारण फोकायापासून लाकिडॉनपर्यंतचे अंतर डोळ्यांनी मोजल्याशिवाय पहिल्या प्रकरणातले धाडस कळत नाही. कधी मार्सेयला जाणे झालेच, तर जुन्या बंदरापासून बाजारसंकुलाच्या मागे चालत जावे. बंदराचे ते प्राचीन टोक गाळाने भरून गेले आहे. जिथे जहाजे लागत, तिथे आता गवत आहे आणि धक्क्याचे दगड त्याच्या कडेने अजून ओळीत उभे आहेत.